मास्तर सायकल

दातावर काहीतरी टणकन आदळलं आणि मास्तर जागा झाला. म्हणजे उठला होता तो केव्हाच. बेसिनपाशी उभा राहून, मान वर करून, एक घोट घशात घोळवून थुंकलाही होता. पण जागा झाला तो दुसऱ्या घोटाला, पेला तिरका केल्यावर. दोन दिवस घसा धरला होता म्हणून बायकोने मिठाचं पाणी कोमट करून स्टीलच्या पेल्यात ओट्यावर ठेवलं होतं. ते कोमट असायला हवं होतं. हे गार होतं. गार, खारट, आणि खारटपणाच्या मागून आणखी काहीतरी. लहानपणी दात पडला की जी चव लागते आणि जीभ दिवसभर तिथंच जात राहते, ती. पांढऱ्या बेसिनवर फिकट तपकिरी ओघळ उतरला होता. पेल्यातून अंगठीएवढी एक रिंग त्या ओघळावर पडली, घरंगळली आणि जाळीवर जाऊन बसली.

"अहो, तो नव्हे!" मागून बायको ओरडली. "तुमचा हा काय इथं. वाफ येतेय त्याला."

"मग हा इथं कोणी ठेवला?"

"मीच. खिडकी पुसायला काढला. सगळे पेले मेले सारखेच. एकात नवऱ्याचा घसा, एकात नवऱ्याचं लोखंड. मला काय कळणार?" मग जवळ येऊन, आवाज उतरवून, "गिळलं नाही ना काही?"

"लोखंडाने कोणी मरत नाही."

"मग तोंड का असं झालंय?"

 मास्तरने रिंग उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. वरून ती चांगली होती. करडी, घट्ट, नखाने ओरखडा निघणार नाही अशी. आतल्या कडेला मात्र मोहरीएवढे तीन ठिपके होते, आणि प्रत्येकाभोवती चहाच्या डागासारखं वर्तुळ. त्याने एक ठिपका अंगठ्याने पुसला. पुसला गेला. खाली खड्डा होता.

लोक खिडकीत कुंड्या ठेवतात, मास्तर पेले ठेवायचा. पावडरीपासून बनवलेल्या स्टीलच्या प्रत्येक नव्या मालातली एक रिंग घरी आणायची, मिठाच्या पाण्यात टाकायची, पेल्याला तारखेची चिठ्ठी चिकटवायची आणि महिनाभर रोज सकाळी डोकावायचं, अशी त्याची सत्तावीस वर्षांची रीत. कारखान्याने सांगितलेली नव्हे. कारखान्याची परीक्षा चोवीस तासांची, दमट पेटीत. त्यात तर वर्तमानपत्रसुद्धा पास होईल, असं तो म्हणायचा. पूर्वी पेले काचेचे असायचे. ते एकेक करून फुटले आणि त्यांच्या जागी स्टीलचे आले, ज्यांच्यात पाण्याचा रंग बाहेरून दिसत नाही. पण खरी गोष्ट ती नव्हती. खरी गोष्ट अशी, की चिठ्ठीवर एकोणीस दिवसांपूर्वीची तारीख होती आणि त्यातले निदान पंधरा दिवस मास्तरने त्या पेल्यात डोकावून पाहिलंच नव्हतं. गरजच वाटली नव्हती. स्वतःच्या पोराची वही कोण तपासतो?

बसमध्ये तो खिडकीपाशी बसला, मांडीवर पेला. तोंडाला प्लॅस्टिक बांधून वर रबर लावलेलं, आत तेच पाणी, तीच रिंग. शेजारचा माणूस जरा सरकून बसला. आजारी माणूस तपासायला काहीतरी घेऊन निघालाय अशी त्याची समजूत झाली असावी. तशीही काही चुकीची समजूत नव्हती. मास्तरची जीभ दाताकडे जात होती. लहानपणी या चवीला औषधाची चव जोडलेली होती, कारण बाप औषधाच्या गोळ्या दाबायच्या यंत्रावर होता. संध्याकाळी घरी यायचा तो भुवयांपर्यंत पांढरा होऊन, आणि आई त्याला दाराबाहेरच झटकायची, सतरंजी झटकतात तसा. बापाची एक सवय होती. प्रत्येक ताटातली एक गोळी तो गुडघ्याच्या उंचीवरून फरशीवर टाकायचा. फुटली तर सगळं ताट परत भुकटीत. "दळा पुन्हा," एवढंच म्हणायचा, आणि त्याच्यावर कोणी चिडलं तरी त्याला कळायचंच नाही. मास्तर पावडरीच्या कारखान्यात लागला तेव्हा त्याला सगळं ओळखीचं वाटलं होतं: भुकटी, साचा, दाब, आणि साच्यातून बाहेर पडणारी खडूसारखी ठिसूळ वस्तू. फक्त इथली भुकटी करडी होती आणि जड. आणि इथं पुढे भट्टी होती. भट्टीत गेलेलं परत दळता येत नाही. कच्चं असेपर्यंतच माफी.

आणि भट्टी त्याला कळत होती, यात खोटं काही नव्हतं. शाळा नववीत सुटली. पुढचं सगळं त्याने भट्टीच्या तोंडाशी उभं राहून आणि भंगारवाल्याकडून आणलेली जाड पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून मिळवलं. पदवीवाले यायचे, दोन वर्षं राहायचे, कार्डावर आकडे लिहून मोठ्या शहरांकडे जायचे. त्यातला एकही कधी भट्टीच्या दाराला गाल लावून उभा राहिला नाही. अकराशे वीस अंशांना दाणे एकमेकांना नुसते चिकटतात, हात धरून उभे राहिल्यासारखे; मध्ये फटी राहतात आणि फटींतून वाटा आतपर्यंत जातात. मग वरून कठीण करायला अमोनियाचा वायू सोडला की तो या वाटांनी थेट पोटात शिरतो आणि वस्तू पोटापासून ठिसूळ होते. ही गोष्ट मास्तरने ओळखली होती, पदवीवाल्यांनी नाही. आधी भुकटी धरून ठेवायला घातलेलं मेण सावकाश जाळून बाहेर काढा, घाई करू नका, मग बाराशे ऐंशीपर्यंत चढा आणि दोन तास धरा. फटी बुजतात, वायू बाहेरच थांबतो, वरचा पापुद्रा कठीण होतो आणि पोट मऊ राहतं. दोन वर्षं तो हे सांगत होता आणि दोन वर्षं त्याला "मास्तर, तुम्ही दार सांभाळा" असं उत्तर मिळत होतं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्याने न विचारता भट्टी बाराशे ऐंशीवर नेली. नोकरी जायची, ती गेली नाही, कारण माल असा निघाला की मोठ्या साहेबांनी रिंग फरशीवर टाकून पाहिली आणि ती घंटेसारखी वाजली. त्या दिवसापासून सगळे त्याला खरोखरचा मास्तर म्हणायला लागले. त्या दिवसापासून तो नासलाही, पण हे त्याला आज, बसमध्ये, मांडीवर पेला घेऊन पहिल्यांदा वाटलं. एकदा सगळ्यांच्या विरोधात बरोबर ठरलेला माणूस फार धोकादायक असतो. पुढे कोणी विरोध केला, की आपण बरोबर आहोत याचा तो पुरावाच समजतो.

बस सिग्नलला थांबली. फुटपाथवरून एक बाई चालली होती, एका पायाला कमरेपासून टाचेपर्यंत पट्टा बांधलेला, गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना बिजागरी. मास्तरने मान वळवून पाहिलं. त्याच्या आताच्या मालातल्या रिंगा अशाच बिजागऱ्यांत बसणार होत्या. चार हजार रिंगा, दोन हजार गुडघे. उन्हातला माणूस पट्ट्याखाली दिवसभर घामेजतो, आणि घाम म्हणजे दुसरं काय, मिठाचं पाणी. घाम चोवीस तासांनी पास करून सोडत नाही. खड्डा पडतो, खड्ड्यातून तडा जातो, आणि एक दिवस जिना उतरताना बिजागरी सुटते. बाई रस्ता ओलांडून गेली. तिची बिजागरी दुसऱ्या कुणाच्या कारखान्यातली होती, तिला काही होणार नव्हतं. तरी ती पलीकडच्या फुटपाथवर पोचेपर्यंत मास्तरने श्वास रोखून धरला होता.

मग मनाने कोलांट्या मारायला सुरुवात केली. पेला जुना होता, पेल्याचाच गंज असेल. बायकोने मीठ जास्त टाकलं असेल. एकच रिंग आहे, चार हजारांतली एक. आणि कोणाला माहीत आहे? बायकोला लोखंड आणि घसा यांतला फरक कळत नाही. पुढच्या स्टॉपला उतरून गटारात ओतलं की झालं. पुढचा स्टॉप आला. मास्तर उठलासुद्धा. दोघं उतरली, तिघं चढली, आणि तो दांडी धरून उभा राहिला, उतरायचं विसरल्यासारखा.

त्याला आठवत होता तो लॅबमधल्या चष्मेवालीचा चेहरा. लॅबमध्ये ती एकटीच, नवी, बारीक, चष्मा नाकावरून सारखा घसरणारा. महिन्याभरापूर्वीची गोष्ट. वरचा पापुद्रा कठीण करायला चारशे दहा अंशांवर तीस तास लागायचे. भट्टी चढवायची, धरायची, उतरवायची, या सगळ्या क्रमाला कारखान्यात सायकल म्हणतात. आणि मास्तरने नवी सायकल काढली होती. पाचशे वीस अंश, आठ तास. पापुद्रा दुप्पट जाड. कठीणपणा मोजायच्या यंत्राचा काटा असा चढला की दाबयंत्रावरच्या दाबवाल्याने शिट्टी मारली. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना भट्टीपाशी जमवलं, चहा मागवला आणि विचारलं, कोणाला काही म्हणायचंय? तेव्हा मागून चष्मेवाली म्हणाली, "मास्तरकाका, पाचशेच्या वर नको. तिथं क्रोमियम निघून जातं. मग गंज कोण अडवणार?"

मास्तरने कप खाली ठेवला होता. सावकाश. वेळ साधणं त्याला येत होतं. "कुठं निघून जातं, पोरी? क्रोमियमला पाय फुटतात का?"

सगळे हसले. साहेब हसले, दाबवाला गुडघ्यावर थाप मारून हसला. चष्मेवालीही हसली, आणि हसताना तिने चष्मा वर सरकवला. तो हशा मास्तरला गोड लागला होता, खोटं कशाला बोला. सत्तावीस वर्षं जे त्याच्यावर हसले होते त्यांची सगळी परतफेड त्याने एका पोरीकडून वसूल केली, जिने त्याला कधी "तुम्ही दार सांभाळा" म्हटलं नव्हतं. आठ दिवसांनी भट्टीशेजारच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत कागद लागला: मास्तर सायकल, पाचशे वीस, आठ तास. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "आयुष्यात तुम्हाला सायकल चालवता आली नाही, आणि आता तुमच्या नावाची निघाली." पण शेजारणीला तिनेच दोनदा सांगितलं.

कारखान्यात अमोनियाचा वास नेहमीसारखा डोळ्यांत शिरला. मास्तर सरळ साहेबांच्या खोलीत गेला आणि पेला टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"मालातली रिंग. गंजलीय. तीन वाजताची मालाची गाडी थांबवा, साहेब."

साहेबांनी पेल्यात पाहिलं, मग मास्तरकडे. "लॅबमध्ये पास आहे की. चोवीस तास."

"मी एकोणीस दिवस ठेवली होती."

"कुठं?"

"घरी. पेल्यात."

"पेल्यात." साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त दमलेले होते. "मीठ कुठलं?"

"घरातलंच."

"म्हणजे गिऱ्हाइकाला मी असं कळवू, की आमच्या मास्तरांच्या स्वयंपाकघरात..." ते स्वतःच थांबले. "हे बघा. सायकल तुमच्या नावाची. तुमच्यासारखी भट्टी इथं कोणाला कळत नाही, हे मीच सगळ्यांना सांगितलंय. तुम्ही लेखी द्या, की माझी सायकल चुकली. मी गाडी थांबवतो, वर बोलणी खातो. नाहीतर हा पेला घरी न्या आणि धुऊन टाका. मी काही पाहिलं नाही."

किती सोपं केलं होतं त्यांनी. माल परतीचा छापील कागद पुढे सरकवला आणि फोन उचलला. मास्तरने पेल्यातली रिंग काढली, पेला तिथंच ठेवला आणि कागद घेऊन तो भट्टीपाशी आला. बापाच्या सवयीने त्याने रिंग पुसली आणि गुडघ्याच्या उंचीवरून फरशीवर टाकली. टण्ण. स्वच्छ, लांब, गोड. नव्या रिंगेपेक्षा गोड. त्याने ती उचलून पुन्हा टाकली. तेच. आयुष्यभर ज्या आवाजावर त्याने माल पास केला, तो आवाज गंजलेल्या रिंगेतून तसाच निघत होता. बापाची गोळी निदान फुटायची तरी. मास्तर फरशीवर उकिडवा बसून राहिला. राग आला नाही. मग रिंग मुठीत धरून तो लॅबकडे निघाला.

लॅबचं दार उघडं होतं. चष्मेवाली वजनकाट्यावर वाकलेली होती. मास्तरने रिंग तिच्यासमोरच्या कागदावर ठेवली, ठिपके वर करून. तिने ती उचलली नाही. नुसती पाहिली, आणि तिचा चेहरा अजिबात बदलला नाही. मास्तर भट्टी वाचणारा माणूस. न बदललेला चेहराही त्याला वाचता आला.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

तिने खण उघडला. खणात एक काचेची बाटली होती, तिच्यात अर्धी कापलेली रिंग, आणि भोवतीचं पाणी गढूळ केशरी. बाटलीवर चिठ्ठी. तारीख मास्तरच्या पेल्यावरच्या तारखेआधीची, बारा दिवस आधीची. याच सायकलच्या पहिल्या चाचणीतली.

"अर्धी पाण्यात ठेवली, अर्धी घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली," ती म्हणाली. "दाण्यांच्या कडांनी काळ्या रेघा आहेत, म्हणजे तिथलं क्रोमियम गेलंय. पावडरीला, तुमच्या भट्टीला काही दोष नाही, काका. बाराशे ऐंशीचं काम झकास आहे. चुकलंय ते वरच्या पापुद्र्याचं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते." तिने चष्मा सरकवला. "तुम्ही क्रोमियमला पाय फोडलेत. नंतर दाबवाले मला रोज विचारायचे, मॅडम, आज क्रोमियम कुठवर गेलं? बसस्टॉपला पोचलं का? महिनाभर. कँटीनमध्येसुद्धा. चोवीस तासांची परीक्षा तर पास होती, मग माझं कोण ऐकणार? मी आपली खणात ठेवून दिली." मग जरा थांबून, "ठेवायला नको होती. माझंही चुकलंच. रोज वाटायचं आज बोलू, आणि रोज तो हशा आठवायचा."

 मास्तरने दोन हजार गुडघ्यांचा विचार केला होता, पेल्याचा, चौकटीचा, स्वतःच्या नावाचा. एका माणसाचं तोंड त्याने चहाच्या कपावरून, वेळ साधून, बंद केलं होतं, याचा विचार तोंडात गंज आल्याशिवाय त्याच्या डोक्यात शिरला नव्हता. ज्या खोलीत त्याला कोंडलं होतं त्याच खोलीची किल्ली हाती आल्यावर त्याने काय केलं? दुसऱ्याला आत ढकललं आणि बाहेरून हसला. वर नाव काय, तर मास्तर.

त्याने खिशातून पेन काढलं आणि कागद तिच्या टेबलावर पसरला. अक्षर वळणदार होतं. नववीत सुटला तरी अक्षराला बक्षीस होतं. मालाचा नंबर. नग चार हजार. दोष: गंज. कारण: मास्तर सायकल. लिहून झाल्यावर पेन जरा थांबलं, मग त्याने पुढे कंसात लिहिलं, 'म्हणजे मी'. खाली रकाना होता: दोष प्रथम कोणी पाहिला, कधी. तिथं त्याने लिहिलं, लॅब, आणि बाटलीवरची तारीख.

"अहो, असं नको," ती म्हणाली. "पाहिला तुम्ही. साहेबांकडे तुम्ही गेलात. मला विचारतील, इतके दिवस काय करत होतीस?"

"विचारू देत. मी सांगेन त्यांना काय करत होतीस ते. आणि मी पाहिला नाही." मास्तरने पेनचं टोपण लावलं. "मी गिळला. पाहिलास तू."

गाडी तीन वाजता रिकामी गेली. साहेबांनी कागद वाचला, कंसातले शब्द दोनदा वाचले, सही केली आणि "बरं" एवढंच म्हणाले. पण पेला परत देताना दोन्ही हातांनी दिला. भट्टीपाशी माणसं जमली होती, नेहमीसारखी नव्हे, लांब लांब. खोकी परत आत येताना कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. दाबवाल्याने शेवटी तोंड उघडलं. "मास्तर, मग आता चार हजार नग..."

"भंगार."

"पुन्हा दळता नाही का येणार?"

"आपल्याला नाही येत."

मास्तरने स्टूल ओढलं, त्यावर चढला आणि काचेची चौकट खिळ्यावरून काढली. भिंतीवर तिच्याएवढा चौकोन उजळ राहिला. बाकी भिंत धुराने कधीच करडी झाली होती. चौकट कुठं ठेवायची हे न सुचून तो ती छातीशी धरून तसाच उभा राहिला. खाली दाबवाला हात पुढे करून उभा होता, ती घ्यायला. मास्तरने दिली.

मग त्याने नव्या मालाची ताटं स्वतः लावली. बाराशे ऐंशीवरून उतरलेल्या, अजून कोणाचंच नाव न लागलेल्या रिंगा, एकमेकींना न टेकणाऱ्या, तेजाबाने धुतलेल्या. दार लावलं, वायू सोडला, आणि आकडे फिरवले. चारशे दहा. तीस तास. काटा उचलला गेला आणि सावकाश, जणू त्याला कुठं जायचंच नाही असा, वर सरकायला लागला. मास्तरने दाराला गाल लावला. दार अजून गार होतं. तोंडातली चव गेली नव्हती, पण आता ती त्याच्या ओळखीची झाली होती.

लॅबमधून चष्मेवाली वही घेऊन आली आणि जरा अंतरावर थांबली. दाबवाला तिच्याकडे पाहून काहीतरी बोलणार होता. मास्तरने त्याच्याकडे बघितलं, आणि तो आपल्या यंत्राकडे गेला. स्टूल एकच होतं. मास्तरने ते बाहीने पुसून तिच्याकडे सरकवलं आणि स्वतः खाली फरशीवर बसला, भिंतीला पाठ टेकून, उजळ चौकोनाच्या बरोबर खाली. घसा अजून बसलेलाच होता.

"हं," तो म्हणाला. "आता सांग. क्रोमियम निघून जातं म्हणजे नक्की कुठं जातं? पहिल्यापासून सांग. घाई नको. तीस तास आहेत."